तिखटाचे वेगळे पैसे : टोकियोतल्या झणझणीत करीचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या ऑफिसजवळच्या करीच्या दुकानानं या महिन्यापासून तिखटाच्या प्रत्येक पायरीला ३० येन लावले आहेत. याआधी पाचव्या पायरीपर्यंत तिखट फुकट होतं आणि त्यापुढे कुठलीही पायरी घ्या, सरसकट ५० येन. आता साधी करी ८८० येन आणि दहावी पायरी हवी असेल तर वर ३००. म्हणजे जवळपास पावणेदोनशे रुपये नुसत्या मिरचीपुडीचे! हिवाळ्यापासून मी दुपारची इथेच जेवते, त्यामुळे दोन गोष्टी सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे. दुकानाचं नाव देत नाही. माणसं चांगली आहेत, माझं भांडण फक्त या ३० येनशी आहे.

जपानी करी दाट, तपकिरी आणि गोडसर असते हे बहुतेकांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. तिखटाच्या पायऱ्यांचं मात्र सांगायला हवं. इथे ‘जरा तिखट करा’ असं म्हणायची सोय नाही, आकडा सांगावा लागतो. कोको इचिबान्या ही १९७८ साली आइची प्रांतात सुरू झालेली करीच्या दुकानांची साखळी, २०२० साली आपल्याकडे गुरुग्रामलाही आली. तिच्याकडे जपानमध्ये पायऱ्या विसापर्यंत जातात, आणि पाचवी खाल्लेली असल्याशिवाय सहावी मागू नये असा नियम आहे. टोकियोतल्या जिंबोचो भागात पुस्तकांच्या दुकानांजवळ ‘एथिओपिया’ नावाचं करीचं दुकान आहे, तिथे तर शून्य ते सत्तर. तिथली करी मला मनापासून आवडते. आधी उकडलेले बटाटे आणि लोणी येतं, मग करी, आणि ताट समोर येताच लवंगेचा वास. पण रोज तिथे जाणं परवडत नाही आणि जेवणाच्या सुट्टीत तेवढा वेळही नसतो.

महागाई मला कळते. २०२५ मध्ये इथे पाच किलो तांदळाची पिशवी ४,००० येनच्या वर गेली. त्याच सुमारास या दुकानानं जास्तीचा भात फुकट देणं बंद केलं, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. भात महागला तर भाताचे पैसे घ्या. गॅस महागला तर करी २० येननं वाढवा, मी देईन. पण मिरची? निशी-कासाई या टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या भागात, आपल्या किराणा दुकानात शंभर ग्रॅम तिखट दोनशे येनच्या आसपास मिळतं. दहाव्या पायरीला माझ्या ताटात किती पडतं? फार तर तीन चमचे. त्याचे ३०० येन कसे होतात हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि ते तिखट कसं घालतात तेही बघा. मी काउंटरवर, शेगडीसमोरच बसते. मागे मोठ्या पातेल्यात करी मंद आचेवर असते. ऑर्डर आली की मालक एक पळीभर करी लांब दांड्याच्या छोट्या पातेलीत घेतो, पातेली मोठ्या आचेवर ठेवतो, स्टीलच्या डब्याचं झाकण काढतो आणि मापाच्या चमच्यानं, प्रत्येक चमच्यावर बोट फिरवून सपाट करत, तिखट टाकतो. दोनदा ढवळतो. कडेनं बुडबुडे आले की ताटात. भात एका बाजूला, करी दुसऱ्या बाजूला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. हात इतका स्वच्छ चालतो की बघत राहावं. पण मिरची शिजायला त्या अर्ध्या मिनिटात वेळच नसतो.

इथेच खरी गोम आहे. पहिल्या चार-पाच पायऱ्यांपर्यंत जाणवत नाही. आठच्या पुढे जिभेला रवाळ लागतं आणि घशाशी कडू. माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे तिखटाची भीती नाही, पण कच्चं तिखट मला सहन होत नाही. तांबड्या रश्श्यात मिरची आणि मसाला तेलात परतून घेतात, तेल सुटलं की मग त्यात पाणी. मिरचीतला जळजळीत अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून रश्श्याचं तिखट तवंगातून सगळीकडे पसरतं आणि त्याला चव असते. इथे मात्र तयार करीवर वरून कोरडी पूड टाकतात. आकडा वाढतो, चव वाढत नाही. दहाव्या पायरीपेक्षा पाचवी जास्त चवदार लागते, हे मी पैज लावून सांगेन.

इथे फोडणी का नाही, याचं कारण इतिहासात आहे. ही करी भारतातून थेट आलीच नाही, मेजी काळात (१८६८ ते १९१२) इंग्रजांच्या हातून आली, करी पावडर आणि पिठानं दाट केलेल्या रश्श्यासकट. १८७२ साली छापलेल्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांत ती आहे. आपल्या पद्धतीची करी पुढे १९२७ साली टोकियोतल्या शिंजुकूच्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या उपाहारगृहात सुरू झाली, ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. ते नाकामुरायाच्या मालकांचे जावई. आजही तिथे ती मिळते, हाडांसकट कोंबडीची, आणि तिचा रस्सा पिठानं दाट केलेला नसतो. झणझणीत खाण्याची हौस त्याहून बरीच अलीकडची. १९८४ ला ‘कारामूचो’ हे तिखट वेफर आले आणि १९८६ ला ग्लिको कंपनीची ‘ली’ ही पाकिटातली तयार करी, जिच्यावर तिखट किती पट ते लिहिलेलं असतं. वीस पटवालं पाकीट सुपरमार्केटात तीनशे येनच्या आसपास मिळतं. त्यातलं तिखट करीबरोबरच शिजलेलं असल्यानं रवाळ लागत नाही. घाईच्या रात्री आमच्याकडे तेच असतं.

आता मत कुठे बदललं ते सांगते. सुरुवातीचे काही आठवडे मला ही करी गुळचट वाटायची आणि तो गोडवा मारायला मी आकडा चढवत नेला. पुढे एका आठवड्यात पोट ठीक नव्हतं म्हणून तिसरी पायरी घेतली, आणि तेव्हा पहिल्यांदा ही करी नीट कळली. पहिल्या घासाला कांद्याचा आणि सफरचंदाचा गोडवा येतो. मग किंचित आंबट. तिखट सगळ्यात शेवटी, घास गिळल्यावर, आधी टाळूच्या मागे आणि मग कानांच्या पाळ्यांपर्यंत. पिठामुळे रस्सा जिभेला धरून राहतो, म्हणून ते तिखट उतरायलाही वेळ घेतं. आपल्या तिखटाचा पहिला फटका मोठा असतो, याचा शेवटचा. हा क्रम तिसऱ्या-चौथ्या पायरीला सुंदर जुळतो. दहाव्या पायरीला तिखट आधीच येऊन बसतं आणि बाकी काही कळत नाही. शेजारच्या टेबलावर घाम पुसत दहावी संपवणारी इथली तरुण मुलं बघते, त्यांची जिद्द मला आवडते, पण त्यांनी एकदा तिसरी खाऊन बघावी असं फार वाटतं.

तिखट लागलं की इथे लगेच बर्फाचं पाणी येतं, पेला रिकामा होऊच देत नाहीत. त्याचा उपयोग नाही. दही, दूध किंवा चीज लागतं. चीज वरून घालून घ्यायचे १८० येन, म्हणजे तिखट चढवायचेही पैसे आणि उतरवायचेही! त्यापेक्षा टेबलावरची फुकुजिनझुके घ्या. मुळा, वांगं, कमळकाकडी असं सोया सॉसमध्ये मुरवलेलं लाल, गोडसर लोणचं, कितीही घेतलं तरी फुकट. तिखट उतरत नाही, पण दोन घासांमध्ये जीभ जरा मोकळी होते. मी ते भाताच्या कडेला लावून घेते आणि प्रत्येक तिसऱ्या घासाला एक फोड खाते.

दरवाढीनंतर मी पार्सलचा मार्ग धरला. बसून खाल्लं तर १० टक्के कर, घरी नेलं तर ८. म्हणजे ८८० ची करी ८६४ ला पडते आणि डब्याचे पैसे हे दुकान घेत नाही. शुक्रवारी शून्य पायरीची करी घरी न्यायची, कढल्यात दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, कांदा-लसूण मसाला, गॅस बंद करून मगच मसाला घालायचा म्हणजे जळत नाही, आणि ती फोडणी गरम करीत हळूहळू जिरवायची. नवरा म्हणाला, दुकानापेक्षा ही छान. करीपुरतं खरं आहे. कात्सु, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं मांस, असेल तर मात्र नको, डब्यातल्या वाफेनं वरचं कवच लोळागोळा होतं आणि कात्सुचे जास्तीचे पैसे वाया.

शाकाहारी मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगते. ‘भाज्यांची करी’ लिहिलंय म्हणून ऑर्डर देऊ नका. दुकानातल्या रश्श्यात बहुतेक वेळा मांसाचा अर्क असतो, आणि घरी करायच्या ‘व्हर्माँट करी’ या ब्रँडच्या वड्यांतही गाय आणि डुकराची चरबी असते. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मी श्रावणात हे सगळं बंद ठेवते.

हे सगळं लिहून ठेवलं होतं आणि परवा पावसात दुकान रिकामं होतं. मी पाचवी पायरी घेतली आणि मालकाला विचारलं की तिखट घातल्यावर जरा जास्त वेळ आचेवर ठेवता येईल का. तो क्षणभर थांबला. मग आच बारीक केली, मोठ्या पातेल्यावर साचलेलं तेल पळीच्या पाठीनं गोळा करून त्या छोट्या पातेलीत घेतलं, त्यात तिखट टाकलं आणि करी नंतर ओतली. मी तेलाबद्दल काही बोलले नव्हते. दोन-अडीच मिनिटं गेली असतील. रंग थोडा लालसर आला, रवाळपणा नाही, कडवटपणा नाही, आणि तिखट शेवटी यायचं तसंच शेवटी आलं, फक्त जास्त गोल होऊन. माणसाला सगळं येतं! मग रोज का करत नाही? कारण बारा ते एक बाहेर रांग असते आणि प्रत्येक ताटाला अडीच मिनिटं देणं त्याला शक्य नाही. हे मला मान्य आहे. त्या १५० येनचं त्या दिवशी वाईट वाटलं नाही. अर्ध्या मिनिटाच्या कच्च्या पुडीला तेच १५० मोजायला माझी आजही तयारी नाही.

तेव्हा इथल्या कुठल्याही छोट्या करीच्या दुकानात तिखट खायचं असेल तर दीडनंतर जा, काउंटरवर बसा, पाचच्या वर जाऊ नका, आणि ऑर्डर देताना एवढं म्हणा : ‘मो सुकोशी नागाकु निते कुदासाइ’, अजून जरा वेळ शिजवा.