डबीवर दहापट, हातात अडीचपट: मुलांचं भिंग कासच्या पठारावर नेऊन पाहिलं

चाळीस वर्षं साताऱ्यात घड्याळं दुरुस्त केली. निदान भिंगाच्या बाबतीत तरी मला कुणी फसवू नये. ऑनलाइन मागवलेल्या या १४९ रुपयांच्या भिंगाच्या डबीवर ‘१० पट मोठं दिसेल’ असं छापलंय. साफ खोटं. ६० मिलिमीटर रुंदीचं एकेरी भिंग दहापट असूच शकत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर त्यातून लांबच्या झाडाचं उलटं चित्र पाडा, भिंग ते भिंत अंतर मोजा आणि २५ सेंटिमीटरला त्यानं भागा. माझं अंतर भरलं १०. म्हणजे अडीचपट.

परतच पाठवणार होतो, पण दुसऱ्या दिवशी नातवंडांना घेऊन कासला जायचं होतं. नात सहाची, नातू चारचा. म्हटलं असू दे. खिशात माझं कामाचं दहापट भिंगही टाकलं.

सप्टेंबर संपत आला होता, पाऊस उघडला होता. मोठी माणसं तिथं फुलांचा गालिचा शोधत हिंडतात. मुलांना गालिच्याशी काय करायचंय? नातू पहिला अर्धा तास जांभ्यातल्या एका डबक्यापाशी उकिडवा बसून होता. गेंद या फुलाची पांढरी बोंडं बघून म्हणाला, कुणाच्या तरी शर्टाची बटणं पडलीत. दोन तासांत आम्ही किलोमीटरभर चाललो असू-नसू.

वाटेच्या अगदी कडेला नातीला लालसर काहीतरी दिसलं. दवबिंदू नावाचं झाड. भिंग धरलं तर पानावर लाल केस, केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं एक चिलट. त्याचा एक पाय अजून हलत होता.

‘आबा, सोडवा ना त्याला!’

मी सांगितलं, इथं खडकावर मातीचा पातळ थर, तिच्यात नत्र कमी, म्हणून हे झाड किडे खातं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मग त्याची आई त्याला डबा का देत नाही?’ शेजारीच सीतेची आसवं नावाची फुलंही होती. तीही किडेखाऊ, पण त्यांचे सापळे मातीत, ते काही दिसले नाहीत.

आता माझं दहापट भिंग. ते डोळ्याला टेकवायचं आणि फूल अडीच सेंटिमीटरवर आणायचं. फूल तोडायचं नाही, वाट सोडायची नाही, म्हणजे मलाच पालथं पडावं लागणार. गुडघे आता तेवढे राहिले नाहीत. हे स्वस्तातलं मात्र थोडं लांबून धरलं तरी चालतं, दोन्ही डोळ्यांनी दिसतं, बाजूला डोकं घातलेल्या भावालाही दिसतं. कबूल करायला जड जातंय, पण मुलांच्या हातात अडीचपटच बरं.

तक्रारी आहेतच. काच नाही, प्लास्टिक आहे. एका दिवसात ओरखडे आले. दोरीची कडी तासाभरात तुटली, घरी येऊन घड्याळाच्या पट्ट्याची पिन घालून बसवली. आणि यातून सूर्याकडे बघू नका, वाळल्या पानावर ऊन धरू नका, हे डबीवर कुठंच लिहिलेलं नाही. मुलांच्या वस्तूवर ते आधी हवं.

तीन तारे. दोन मुलं असतील तर दोन घ्या. आम्ही एकच घेतलं होतं. येताना अख्खा यवतेश्वरचा घाट ते माझ्या मांडीखाली दडवून उतरलो.