क्लोरीनचा टोनर की हायपो?

खानापूर-निपाणीकडची नळयोजना असो की बेळगावातल्या कारखान्याचं पाणी, जंतू मारायला क्लोरीन लागतोच. तो टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या पोलादी नळकांड्यात ठेवायचा, की सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, म्हणजे हायपोत, एवढं ठरवायचं.

टोनरमध्ये साधारण 900 किलो क्लोरीन दाबाखाली भरलेला असतो. स्वस्त आणि टिकाऊ. पण व्हॉल्व्ह गळला की हवेच्या अडीचपट जड वायू सखल भागाकडे सरकतो. पळायचं ते वाऱ्याला आडवं, उंचावर. हे शेजारच्या गल्लीलाही आधीच माहीत हवं. भोपाळनंतरच्या 1989च्या नियमांनी मोठ्या साठ्याला आपत्कालीन आराखडा सक्तीचा केला. एकदोन टोनर त्या मर्यादेखाली राहतात, पण म्हणून धोका टळत नाही. आणि मास्क टोनरच्याच खोलीत टांगलेला असेल, तर तो शोभेचा.

हायपो सांडला तर डोळे, कातडी भाजते. गाव रिकामं करावं लागत नाही. उन्हाळ्यात त्याची ताकद उतरते, म्हणून थोडाथोडाच मागवावा. खोड एकच: चुकून आम्लाच्या किंवा तुरटीच्या टाकीत ओतला, तर तोच क्लोरीन सुटतो. टँकरवाल्याला नेहमी घाई असते, तेव्हा दोन्ही टाक्यांच्या नळ्यांची तोंडं वेगळ्या मापाची ठेवावीत.

वस्ती भिंतीला लागून असेल, तर महाग पडला तरी मी हायपोच घेईन.