रकाने कमी करायला आलेली माणसं

आमच्या कारखान्याची ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी सिस्टीम, सोपी करून देणाऱ्या एका छोट्या टीमच्या कामाबद्दल लिहिते आहे. मी स्टोअर आणि परचेस सांभाळते, त्यामुळे ती सिस्टीम दिवसभर माझ्यासमोर उघडी असते. सॉफ्टवेअर बदललेलं नाही, नवीन काही विकत घेतलेलं नाही. होतं तेच उपसून मोकळं केलं.

आधीची परिस्थिती कळावी म्हणून जीआरएनची, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीची, स्क्रीन सांगते. गाडी दारात उभी, माल उतरलेला, आणि नोंद सेव्ह करायला 41 रकाने. त्यातले 17 सक्तीचे, लाल चांदणीवाले. स्टोअरमधली मुलं त्यात टिंब टाकायची. टिंब, टॅब, टिंब, टॅब. सिस्टीमला टिंब चालायचं. खरा साठा शेजारच्या एक्सेलमध्ये असायचा आणि कुणी विचारलं की मीही तीच फाइल उघडायचे. कष्ट दुप्पट, आणि आकड्यांवर भरवसा कुणाचाच नाही. याचा मला मनापासून त्रास व्हायचा.

टीममध्ये तिघं होते. पहिले चार दिवस त्यांनी कशालाही हात लावला नाही. मुलांच्या मागे स्टूल टाकून बसले, घड्याळ लावून एकेक नोंद बघितली. एका जीआरएनला 11 मिनिटं. मग त्यांनी प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ असलेला कागद काढला: हा कोण भरतं, कोण वाचतं, आणि रिकामा राहिला तर काय अडतं. ‘कोण वाचतं’समोर 19 ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही.

पण म्हणून ते 19 रकाने लगेच उडवले नाहीत, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. ‘गेट पास क्रमांक 2’ असा एक रकाना होता. कशासाठी, कुणालाच सांगता येईना. खोदत गेल्यावर अकाउंट्समधल्या जुन्या ताईंना आठवलं: फार पूर्वी एकाच गाडीची दोनदा नोंद होऊन पैसेही दोनदा गेले होते, त्यानंतर तो रकाना आला. टीमने टेस्ट कॉपीवर त्यांच्यासमोर तेच बिल दुसऱ्यांदा टाकलं. सिस्टीमने अडवलं. मग बिल क्रमांक बदलून टाकलं, तर पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि बिल यांच्या मेळात प्रमाण जुळेना म्हणून तिथेही अडलं. ताई म्हणाल्या, “मग काढा.” तेव्हा तो निघाला. प्रत्येक रकान्यामागे कुणाची तरी जुनी ठेच असते, ती आधी शोधायला हवी. त्यांनी ती शोधली.

मंजुरीच्या साखळीवरून मात्र बरीच ओढाताण झाली. आमच्याकडे पाच सह्या लागायच्या आणि साहेबांना त्या पाचही हव्या होत्या. तेव्हा टीमच्या प्रमुखांनी लिड्लचं उदाहरण दिलं. या जर्मन साखळी दुकानांनी एसएपी या तयार ईआरपीवर उभारलेला प्रकल्प सात वर्षांनी, 2018 मध्ये सोडून दिला. सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. तयार सॉफ्टवेअर साठा विक्रीच्या किमतीने धरायचं, यांची पद्धत खरेदीच्या किमतीने धरायची. पद्धत सोडवेना म्हणून सॉफ्टवेअरला मुरड घालत गेले. एवढं ऐकल्यावर साहेब दोन सह्यांवर आले. छोट्या खरेदीला एकच.

आता चुकलं ते. पुरवठादाराचा बॅच क्रमांक बहुतेक नोंदींत टिंबच असायचा, म्हणून तोही लपवला गेला. दोन महिन्यांनी रबरी सीलबद्दल तक्रार आली आणि तो माल कुठल्या लॉटचा हे काढायला आम्हाला दीड दिवस चलनं चाळावी लागली. सील आणि रसायनांना बॅच लागतोच, हे त्यांनी स्टोअरला वेगळं विचारायला हवं होतं. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी येऊन फक्त त्या दोन गटांसाठी रकाना परत आणून सक्तीचा केला, आणि यावेळी टिंब चालणार नाही अशी तपासणीही बसवली. वेगळे पैसे मागितले नाहीत.

दुसरी उणीव कागदपत्रांची. काय काढलं याची यादी दिली, का काढलं ते कुठेच नाही. ती कारणं मी माझ्या वहीत उतरवून ठेवली आहेत.

आज स्क्रीनवर 14 रकाने आहेत आणि नोंद तीनेक मिनिटांत होते. एक्सेल महिनाअखेरच्या मोजणीपुरतीच उघडते. पाचपैकी चार तारे. पुढच्या टप्प्यात परचेस रिटर्नची स्क्रीन घ्यायची आहे आणि त्यांनाच बोलावलंय; बॅच लागणाऱ्या मालाची यादी मी आधीच पाठवून दिली आहे.