लाकडी शिल्प बघायला जायचंय: उभ्या खोडातलं की चौथऱ्यावरचं?

वाळलेल्या झाडाच्या उभ्या खोडातच कोरलेलं शिल्प आणि वर्कशॉपमधे ओंडका कोरून मग चौथऱ्यावर आणून बसवलेलं शिल्प, मी दोन्ही बघितलीत, आणि एकच जमणार असेल तर कुठलं हा प्रश्न मलाही पडला होता.

टिकण्यात चौथऱ्यावालं पुढे आहे, त्यात वाद नाही. जमिनीची ओल त्याला लागत नाही, आणि लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की बुरशी धरते, म्हणून खोडातलं शिल्प बुंध्याकडून कुजत येतं. बारीक काम पण चौथऱ्यावर जास्त बघायला मिळतं, ओंडका हवा तसा फिरवून कोरता येतो ना.

पण माझं मत फिरलं ते वॉर्निशमुळे. चौथऱ्यावरच्या ज्या शिल्पासाठी मुद्दाम गेलो त्याला जाड चकचकीत कोट, वर दुपारचं ऊन, चेहऱ्यावर नुसता पांढरा चट्टा, पटाशीचा एक घाव धड दिसेना आणि भोवती रेलिंग म्हणून जवळ जाऊन तिरकं बघायचीही सोय नाही. खांद्यावर तर कोट सोलून आतलं लाकूड काळं पडलेलं, कारण उन्हाने वॉर्निश तडकतं, फटीतून पाणी शिरतं आणि मग ते लवकर सुकत नाही. फार चिडचिड झाली खरं सांगतो, एवढं सुंदर काम आणि बघता येऊ नये!

खोडातलं जे बघितलं ते उघडं होतं, उन्हापावसाने राखाडी झालेलं. मऊ भाग झिजून वर्षावर्षाच्या रेषा वर आलेल्या, बोट फिरवलं की लागतात. गालातून हनुवटीपर्यंत एक मोठी भेग होती, अख्खं खोड वाळताना परिघाच्या दिशेने जास्त आकसतं म्हणून अशी उभी फाटतंच, मला तरी ती भेग खटकली नाही. कॅनडात स्गांग ग्वाय या जुन्या गावाच्या जागी तिथल्या मूळनिवासी हैदा लोकांचे रेड सीडर झाडाच्या लाकडात कोरलेले खांब असेच झिजलेले उभे आहेत आणि १९८१ साली ते ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

सगळीच चौथऱ्यावरची चकचकीत असतात असं नाही, नुसतं तेल लावलेलं असेल तर खुशाल जा, आधी एखादा दुपारचा फोटो बघून घ्या म्हणजे कळेल. दोन्हीकडे उतरत्या उन्हात जा, घाव उठून दिसतात. बाकी खोडातलं असेल तर मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका, बुंधा पोकळ झाला की पडायच्या भीतीने कापून टाकतात.