नेक्सस कार्डाच्या नावाखाली ६४० डॉलर गेले, आणि घरातल्या चौघांची सगळी माहितीही

नेक्सस (अमेरिका-कॅनडा सीमा झटपट ओलांडण्यासाठीचं कार्ड) किंवा ग्लोबल एन्ट्रीसाठी (परदेशातून अमेरिकेत येताना तपासणी लवकर उरकणारी योजना) ऑनलाइन अर्ज केलाय, पैसे भरलेत आणि बरेच दिवस नुसती वाट बघणं चालू आहे, असं तुमच्या घरात असेल तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. माझ्या चुलत भावाच्या घरी जे घडलं ते त्याच्या परवानगीने लिहितोय. वेबसाइटचं नाव देत नाही. ते एव्हाना बदललंसुद्धा आहे, आणि उद्या तीच माणसं तिसऱ्या नावाने दुकान मांडतील.

दादा-वहिनी अमेरिकेत, मिशिगनमध्ये राहतात. दोघांकडे ग्रीन कार्ड, पासपोर्ट भारतीय. मुलं दोन, दोन्ही इथेच जन्मलेली, शाळेत जाणारी. वहिनींची बहीण टोरोंटोजवळ असते, त्यामुळे डेट्रॉइटचा अँबेसेडर ब्रिज ओलांडून विंडसरला उतरायचं आणि पुढे जायचं, हे त्यांचं नेहमीचं. लाँग वीकेंडला त्या पुलावर गाड्यांची जी रांग लागते ती तिथून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेजारच्या नेक्ससच्या लेनमधून मात्र गाड्या पटापट सुटतात. म्हणून वहिनींनी ठरवलं की आता नेक्सस काढायचंच. त्या लेनमधून जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे नेक्सस लागतं, अगदी तान्ह्या बाळाकडेही. म्हणजे अर्ज चार.

सर्च केल्यावर सगळ्यात वर जी लिंक आली ती जाहिरात होती. वर ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक लिहिलेलं असतं, पण ते रोज इतक्या ठिकाणी दिसतं की नजर त्याच्यावर थांबत नाही. साइट गडद निळी, कोपऱ्यात गरुडासारखी मुद्रा, खाली दोन्ही देशांचे झेंडे. फॉर्मही अगदी खऱ्यासारखा: गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, कोणकोणत्या देशांत जाऊन आलात, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, ग्रीन कार्डावरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक). खरा अर्जही हेच सगळं विचारतो. त्यामुळे एवढी माहिती मागतायत म्हणजे सरकारीच असणार असं वाटणं अगदी साहजिक होतं. या साइटने त्यापुढे जाऊन चौघांचे सोशल सिक्युरिटी नंबर (टॅक्स आणि कर्जासाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक) घेतले आणि कागदपत्रांचे फोटो अपलोड करायला लावले. शेवटी ‘गव्हर्नमेंट प्रोसेसिंग फी’ म्हणून माणशी १६० डॉलर, चौघांचे ६४०.

खरा आकडा सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नेक्सस, ग्लोबल एन्ट्री आणि सेन्ट्री (मेक्सिकोच्या सीमेसाठीची तशीच योजना) या तिन्हींची फी १२० डॉलर आहे. पूर्वी नेक्सस ५० डॉलरला मिळायचं, म्हणून फी वाढल्याचं कुठेतरी ऐकलेल्या माणसाला १६० हा आकडा खटकत नाही. पण १८ वर्षांखालच्या मुलांना नेक्ससची फी नाही. ग्लोबल एन्ट्रीतही आई किंवा वडील सभासद असतील, किंवा सोबत अर्ज करत असतील, तर मुलांचे पैसे लागत नाहीत. म्हणजे दादाच्या घरचे सरकारी पैसे होत होते २४०. कुठलीही साइट नेक्ससच्या अर्जासाठी मुलांचेही पैसे मागू लागली तर तिथेच थांबा. एवढी सोपी खूण दुसरी नाही.

पैसे भरल्यावर लगेच ईमेल आला: अर्ज मिळाला, पडताळणी सुरू आहे. अर्ज क्रमांकही होता. मग मधूनमधून ‘आपली फाइल पुढच्या टप्प्यात गेली आहे’ असे ईमेल येत राहिले.

या फसवणुकीत मला सगळ्यात घातक वाटतं ते हे. खऱ्या अर्जालाही वेळ लागतो. कुणाचं काही आठवड्यांत होतं, कुणाचं वर्षभर रखडतं. नेक्ससला अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडून मंजुरी लागते, त्यामुळे तिथे थांबणं आणखी लांबतं. ओळखीपाळखीत कुणालाही विचारलं तर उत्तर एकच, ‘अरे, आमचं पण खूप दिवस अडकलं होतं, येईल.’ लोक धीर द्यायला बोलतात आणि त्या धीराचा फायदा चोराला होतो. तेवढ्यात क्रेडिट कार्डावर तक्रार करायची मुदत निघून जाते. कायद्याने ती मुदत, ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम आली ते स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची आहे. ही साइट चालवणाऱ्यांना ती तारीख आपल्यापेक्षा चांगली पाठ असते. ‘फाइल पुढे गेली’ हे ईमेल येत होते ते ही मुदत उलटेपर्यंत माणसाला गप्प ठेवायला.

त्यानंतर ‘प्रायॉरिटी इंटरव्ह्यू’चे म्हणून आणखी पैसे मागितले गेले. तेही दादाने भरले. मुलाखतीची वेळ मिळत नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येतेच, तेव्हा पैसे देऊन लवकर मिळत असेल तर काय वाईट, असं त्याला वाटलं. खऱ्या व्यवस्थेत मुलाखतीची वेळ आपल्याच खात्यातून घ्यायची असते आणि तिचे वेगळे पैसे नसतात.

मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा विषय निघाला. माझ्याकडे ग्लोबल एन्ट्री आहे, म्हणून वहिनींनी विचारलं, ‘भाऊजी, तुम्हाला इंटरव्ह्यूची तारीख किती दिवसांनी मिळाली होती?’ मी म्हटलं, लॉगिन डॉट गव्ह उघडा, स्टेटस बघू. त्या म्हणाल्या, ‘ते काय असतं?’ खरा अर्ज या सरकारी लॉगिनच्या खात्याशिवाय करताच येत नाही.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही तो पहिला ईमेल उघडला आणि त्यातल्या लिंकवर गेलो. पत्त्यात ‘नेक्सस’ होतं, ‘अॅप्लिकेशन’ होतं, मध्ये दोन आडव्या रेघा होत्या, आणि शेवट डॉट कॉम. पान पार तळापर्यंत खाली नेलं. तिथे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेलं होतं की आम्ही खाजगी कंपनी आहोत, कुठल्याही सरकारी खात्याशी आमचा संबंध नाही, आम्ही फक्त अर्ज भरायला मदत करतो. दादाने स्क्रीन तिरकी करून ते वाक्य पुन्हा वाचलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘मुलांचे पण नंबर दिलेत आपण.’

ते राखाडी वाक्य पुढे बँकेत आडवं आलं. पहिल्या रकमेवर बँकेने कळवलं की ग्राहकाने अटी मान्य असल्याच्या चौकोनात टिक केलेली आहे आणि कंपनीने ‘सेवा’ दिल्याचा पुरावा पाठवलाय. पुरावा कसला, तर ‘नेक्सस मार्गदर्शक’ नावाची एक पीडीएफ. ती रक्कम गेली ती गेली. दुसरी रक्कम परत आली, कारण ती मुदतीत होती आणि मुलाखत ठरवून दिल्याचा कागद त्यांना दाखवता आला नाही.

पैशांचं दुःख एक वेळ पचतं. नंतर जे झालं त्याने मात्र घर हादरलं. दादाला फोन आला, पलीकडचा माणूस स्वतःला कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचा, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याचा, अधिकारी म्हणवत होता. त्याने दादाचा ए-नंबर बरोबर वाचून दाखवला, भारतात कधी जाऊन आला तेही सांगितलं, आणि म्हणाला की तुमच्या नावावर पार्सल अडकलंय, ग्रीन कार्ड धोक्यात आहे, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डांनी दंड भरा. इतकी खरी माहिती समोरून कानावर पडली की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तोपर्यंत आमचं बोलणं झालेलं होतं म्हणून दादाने फोन ठेवून दिला. हे खातं फोन करून पैसे मागत नाही; गिफ्ट कार्ड, बिटकॉइन, वायर ट्रान्सफर, काहीच नाही. फोनवर नंबर खरा दिसला तरी भरवसा ठेवू नका, समोर दिसणारा नंबर बनावट असू शकतो.

सावरण्यासाठी जे केलं ते सांगतो, कारण अशा वेळी डोकं चालत नाही. आधी इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला नवीन कर्ज किंवा कार्ड काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते कायद्याने फुकट आहे, पण तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं. १६ वर्षांखालच्या मुलांचंही आईवडिलांना फ्रीझ करता येतं. त्यासाठी जन्मदाखला वगैरे कागद पाठवावे लागले, वेळ गेला, पण ते कराच. मुलाच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर ते मूल मोठं होऊन स्वतः कार्ड काढायला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग आयआरएसकडून (अमेरिकेचं टॅक्स खातं) चौघांसाठी आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन घेतले, म्हणजे त्यांच्या नंबरावर दुसऱ्या कुणाला टॅक्स रिटर्न भरता येणार नाही. तक्रार फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या रिपोर्टफ्रॉड साइटवर नोंदवली. आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्हवर आपली परिस्थिती भरली की पुढे काय काय करायचं याची यादी तयार होऊन मिळते; ती खरंच कामाची निघाली.

अर्जाची खरी वाट एकच आहे. ग्लोबल एन्ट्री, नेक्सस, सेन्ट्री, तिन्हींसाठी होमलँड सिक्युरिटीची टीटीपी डॉट डीएचएस डॉट गव्ह ही साइट, आणि आत जायला लॉगिन डॉट गव्हचं स्वतःचं खातं. पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधून जाऊ नका. फी तिथेच भरायची, आणि ती अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. त्यामुळे ‘मंजुरीची गॅरंटी, नाहीतर पैसे परत’ असं लिहिलेलं दिसलं की ते सरकारचं नाही हे नक्की. स्टेटसही त्याच खात्यात दिसतं. कार्ड पोस्टाने येतं, आणि ते सुरूही त्याच खात्यात करायचं असतं. ‘कार्ड अॅक्टिव्हेट करा’ म्हणून ईमेलमध्ये लिंक आली तरी तिच्यावर क्लिक करू नका.

फक्त टीएसए प्रीचेक (अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणी लवकर उरकणारी योजना) हवं असेल तर तिथे गोंधळ जास्त आहे. आयडेमिया, टेलॉस आणि क्लिअर या खाजगी कंपन्यांना नोंदणीची अधिकृत परवानगी आहे, त्यामुळे तिथे डॉट कॉमवरचं सगळंच खोटं असं म्हणता येत नाही. म्हणून सुरुवात टीएसए डॉट गव्हवरून करायची आणि तिथल्याच लिंकने पुढे जायचं. पहिल्यांदा नाव नोंदवताना ऑनलाइन फक्त थोडी माहिती द्यायची असते. पैसे केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देताना भरायचे असतात. नवीन अर्जालाच कुणी घरबसल्या कार्डाचा नंबर मागत असेल तर खिडकी बंद करा. नूतनीकरण ऑनलाइन होतं, आणि नेमका त्याचाच फायदा घेऊन ‘तुमचं प्रीचेक संपत आलंय’ असे खोटे ईमेल फिरतात.

‘आम्ही भरून देतो’ म्हणणारे सगळे चोर असतात असं मी म्हणत नाही. पण ज्या फॉर्मवर आपली पाच वर्षांची हकिगत लिहायची आहे आणि ज्यातल्या चुकीच्या उत्तरावरून अर्ज नाकारला जाऊ शकतो, तो परक्या माणसाच्या हाती देण्याची गरज मला दिसत नाही. कुणाला आधीच लॉगिन डॉट गव्हचा पासवर्ड दिला असेल तर तो आज बदला.

आणि तुम्ही वाट बघणाऱ्यांपैकी असाल, तर लॉगिन डॉट गव्हच्या खात्याने टीटीपीच्या साइटवर आत्ता जाऊन बघा. तुमचा अर्ज तिथे दिसला तर निश्चिंत थांबा. दिसला नाही, किंवा तुमचं खातंच नाही असं लक्षात आलं, तर पैसे घेणाऱ्यांना ईमेल करून खुलासा मागत बसू नका. आधी कार्ड कंपनीला फोन लावा, आणि तक्रार लेखीसुद्धा पाठवा.