लाँग वीकेंडला बिलॉक्सी की न्यू ऑर्लिन्स?

ह्यूस्टनहून आय-टेन हायवे धरून पूर्वेला निघालं की साडेपाच-सहा तासांत न्यू ऑर्लिन्स येतं. आणखी दीड तास गाडी हाणली की मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरचं बिलॉक्सी. (तिथले लोक 'बिलक्सी' म्हणतात.) लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या ग्रुपवर हाच घोळ सुरू होतो. कॅसिनो आहेत म्हणजे नाइटलाइफ असणारच असं धरून कुणीतरी बिलॉक्सीत हॉटेल घेतं आणि शनिवारी रात्री साडेदहाला विचारतं, "आता कुठे जायचं?"

कुठेच नाही. बिलॉक्सी हे कोळ्यांचं गाव आहे आणि त्याच्या कडेला आठ कॅसिनो येऊन बसलेत. हे आधी समजून घेतलं तर निर्णय सोपा जातो.

आधी रात्रीचंच बघू. गोव्यात मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी आपल्याला माहीत आहेत. बिलॉक्सीतही सुरुवात अशीच झाली. 1990 च्या कायद्याने मिसिसिपीत जुगार चालायचा तो पाण्यावरच, म्हणून 1992 पासून इथे किनाऱ्याला प्रचंड तराफे बांधून त्यांवर कॅसिनो उभे राहिले. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं आणि काही तराफे उचलून थेट हायवेपलीकडे टाकून गेलं. मग किनाऱ्यापासून 800 फुटांच्या आत जमिनीवर बांधायची मुभा मिळाली. म्हणून आजही हे कॅसिनो एका जागी गोळा न होता किनाऱ्याकिनाऱ्याने विखुरलेले आहेत. हॉटेल, बार, नाटकगृह, बुफे, सगळं एकाच छताखाली. बो रिव्हाज कॅसिनोचं थिएटर किंवा हार्ड रॉक कॅसिनोचा हॉल यांत एखादा चांगला कार्यक्रम असेल तर संध्याकाळ मस्त जाते. नसेल तर मशीनचा टिंगटिंगाट आणि सिगारेटचा वास. मिसिसिपीच्या कॅसिनोंत धूम्रपान चालतं. बिलॉक्सीतला पॅलेस कॅसिनो हा अपवाद. न्यू ऑर्लिन्समध्ये 2015 पासून बार आणि कॅसिनो, दोन्हीकडे सिगारेट बंद आहे. दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर एवढ्यावरच फैसला.

न्यू ऑर्लिन्सची रात्र रस्त्यावर असते. बर्बन स्ट्रीट एकदा बघायचा, नाक दाबून पुढे जायचं आणि फ्रेंचमन स्ट्रीट गाठायचा. तिथे एका दारातून ट्रम्पेट, पुढच्या दारातून ब्लूज, आणि कोपऱ्यावर पोरांचा ब्रास बँड उभा. प्लास्टिकच्या ग्लासातलं पेय हातात घेऊन फिरायला हरकत नाही. मुलं बरोबर असतील तर जॅझ ऐकायला प्रिझर्व्हेशन हॉल, तिथे वयाची अट नाही. कॅसिनोच्या खेळाच्या जागेत मात्र दोन्ही गावांत 21 च्या खाली कुणाला उभं करत नाहीत.

म्हणजे रात्र हवी असेल तर न्यू ऑर्लिन्स, यात वाद नाही. जेवणाचं मात्र इतकं सरळ नाही.

न्यू ऑर्लिन्सचा गंबो, म्हणजे तिथला दाटसर रस्सा, थोर आहे. पीठ तेलात चॉकलेटी होईपर्यंत भाजायचं, त्यात कांदा, सिमला मिरची, सेलरी. भेंडी घातली तर तिची बुळबुळ इथे मुद्दाम हवी असते. पण ज्याला मासळी कळते त्याने दुपारचं जेवण बिलॉक्सीत घ्यावं. इथला पो'बॉय 'ड्रेस्ड अँड प्रेस्ड' मागायचा. लांबट पाव, आत तळलेली कोळंबी, लेट्यूस, टोमॅटो, मेयो, आणि मग अख्खा ऐवज गरम प्रेसमध्ये दाबतात. पावाचं कवच चपटं होऊन कडकडीत होतं, चावलं की तुकडे शर्टावर. न्यू ऑर्लिन्सवाले हे दाबणं मानत नाहीत; मला दाबलेलाच आवडतो. ओक स्ट्रीटवरच्या ले बेकरीचा पाव खाऊन बघा. ती व्हिएतनामी बेकरी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून व्हिएतनामी कुटुंबं इथे कोळंबी आणि कालवांच्या धंद्यात आली, त्यांच्याआधी क्रोएशियातले लोक आले होते. या गावाची खरी चव त्यांच्या हातची.

एक सावधगिरी. बंदरात बसून खातोय म्हणजे मासळी तिथलीच, असं धरू नका. 2024 मध्ये बिलॉक्सीतल्या एका नामांकित रेस्टॉरंटने परदेशी मासा स्थानिक म्हणून विकल्याची कोर्टात कबुली दिली. कोळंबी गल्फची, म्हणजे इथल्या मेक्सिकोच्या आखातातली, आहे की आयात केलेली, हे सरळ विचारायचं. आपण दादरला पापलेटचे कल्ले उघडून बघतो, मग इथेच कसला संकोच!

शाकाहारी मंडळींनी बिलॉक्सीच्या नादी लागू नये. फ्रेंच फ्राइज आणि कोलस्लॉवर दोन दिवस काढावे लागतील. न्यू ऑर्लिन्समध्ये पर्याय भरपूर आहेत, फक्त राजमा दिसला म्हणून 'रेड बीन्स अँड राइस' मागवू नका. त्यात बहुतेक वेळा सॉसेज किंवा हॅम असतं. कॅफे दु मोंदचे पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये (तळलेले चौकोनी डोनट) निर्धास्त खा.

सणांचं म्हणाल तर मार्डी ग्रा, म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या काळाआधीचा कार्निव्हल, दोन्हीकडे एकाच मंगळवारी. न्यू ऑर्लिन्सची गर्दी लालबागच्या राजाची आठवण करून देते, आणि हॉटेलचे दर ऐकून दर्शन बाहेरूनच बरं वाटतं. बिलॉक्सीत 1908 मध्ये स्थापन झालेल्या कार्निव्हल असोसिएशनची मिरवणूक निघते. मण्यांच्या माळा तितक्याच अंगावर येतात आणि पोर हरवण्याची भीती कमी. एप्रिल-मेमध्ये जॅझ फेस्ट असतो तेव्हा मात्र न्यू ऑर्लिन्सच; 1970 पासून चालत आलेला तो सोहळा सोडून पत्ते खेळायला कोण जाईल?

पण बिलॉक्सीचे दोन सण न्यू ऑर्लिन्सकडे नाहीत. एक, 'ब्लेसिंग ऑफ द फ्लीट', 1929 पासूनचा. कोळंबीच्या हंगामाच्या तोंडावर सजवलेल्या बोटी ओळीने येतात, धर्मगुरू एकेका बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात, समुद्रात गेलेल्यांसाठी पाण्यात पुष्पचक्र सोडतात. ज्याने वरळीची किंवा वर्सोव्याची नारळी पौर्णिमा पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. दुसरा, ऑक्टोबरच्या सुरुवातीचा 'क्रूझिन द कोस्ट'. 1996 पासून जुन्या गाड्यांचे हजारो मालक इथे आठवडाभर जमतात. तिकीट वगैरे काही नको. हायवे 90 च्या कडेला घडीची खुर्ची टाकायची आणि चकाकणाऱ्या शेवरोले-फोर्ड मोजत बसायचं. माझे सासरे तीन तास हलले नाहीत. त्या आठवड्यात खोली मात्र महिनोन् महिने आधी घ्यावी लागते. एरवी सोमवार ते गुरुवार बिलॉक्सीची कॅसिनो हॉटेलं स्वस्तात मिळतात, आणि न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात जेवढं पार्किंगला जातं त्यात इथे दोघांचं पोटभर जेवण होतं.

समुद्राची अपेक्षा कमी ठेवा. वाळू पांढरी आहे, पण किनारा माणसाने भर घालून केलेला, पाणी गढूळ आणि उथळ.

ऑगस्ट 2025 पासून न्यू ऑर्लिन्स ते अलाबामातलं मोबील शहर अशी अ‍ॅमट्रॅकची रेल्वेगाडी सुरू झाली आहे, दिवसातून दोन फेऱ्या, आणि ती बिलॉक्सीला थांबते. त्यामुळे आम्ही आता मुक्काम न्यू ऑर्लिन्सला करतो, सकाळच्या गाडीने बिलॉक्सी आणि संध्याकाळी परत. कार घेऊन गेलात तर डिकीत बर्फाची पेटी टाका. बंदरात कोळंबीच्या बोटी लागल्या असतील तर बोटीवरूनच वजन करून देतात, डोक्यासकट. घरी आल्यावर सोलायची कुणी, हे निघायच्या आधी ठरवलेलं बरं.