मॉल चांगला, पण खालचं बेसमेंट पार्किंग म्हणजे जिवाला घोर

पुण्यातल्या एका मोठ्या मॉलच्या पार्किंगबद्दल लिहितेय. नाव घालत नाही, कारण जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्याच मॉलना लागू आहे. मॉलबद्दल माझी तक्रार नाहीये हं, दुकानं चांगली आहेत, टॉयलेट स्वच्छ असतात, फूड कोर्टात आईला निवांत बसता येतं, म्हणून तर आम्ही परत परत जातो. प्रॉब्लेम आहे तो खाली, बी1 आणि बी2 मध्ये, म्हणजे बेसमेंटच्या दोन मजल्यांवर.

शनिवार-रविवार संध्याकाळी गेटपासूनच सुरू होतं. रस्त्यापर्यंत लाइन, मग सिक्युरिटीवाला गाडीखाली आरसा फिरवणार, डिकी उघडा म्हणणार, मग फास्टॅगचा बूम बॅरिअर, आणि टॅग रीड झाला नाही की मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागतात. बोर्डवर हिरव्या अक्षरात बी1 मध्ये जागा आहे असं दिसतं, म्हणून आपण खाली उतरतो तर एकही जागा नाही. मी एकदा तिथल्या गार्डदादांना विचारलं तर ते म्हणाले, ताई, तो बोर्ड फक्त गेटवर आत किती आल्या आणि बाहेर किती गेल्या एवढंच मोजतो. म्हणजे एखाद्याने दोन जागांच्या मधल्या पट्ट्यावर गाडी लावली की एक जागा गेली, पण बोर्डला ते कळतच नाही. काही मॉलमध्ये प्रत्येक जागेवर लाल-हिरवा दिवा असतो तशी सिस्टिम इथे नाही, आणि ती असती तर अर्ध्या गाड्यांचं गोल गोल फिरणं वाचलं असतं.

जागा मिळाली तरी दार उघडता आलं पाहिजे ना. राज्याच्या 2020 च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, लहान गाडीसाठी 2.3 बाय 4.5 मीटर आणि मोठीसाठी 2.5 बाय 5 मीटर जागा धरलीय. आता हिशोब करा. जुनी मारुती 800 होती 1.44 मीटर रुंद, ती 2.3 मीटरच्या जागेत लावली तर 86 सेंटीमीटर मोकळे राहायचे. आत्ताची स्कॉर्पिओ एन आरसे सोडून 1.917 मीटर आहे, त्याच जागेत तिच्या दोन्ही बाजू मिळून उरतात 38 सेंटीमीटर. एका बाजूला पिलर असेल तर ड्रायव्हरने उतरायचं कसं? तरी गाड्या लावल्या जातात, कारण पर्याय नसतो, आणि मग दारांना ओरखडे, पोचे, आणि कोणाचं कोणी केलं याचा पत्ता नाही. गार्डला विचारलं की तो पार्किंगच्या चिठ्ठीच्या मागचं 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क', म्हणजे जबाबदारी मालकाची, हे वाक्य दाखवतो.

पण ओरखडे परवडले. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गाडी लावल्यानंतरची, गाडीपासून लिफ्टपर्यंत चालत जायची. कारण चालायला जागाच नाहीये. अख्ख्या बेसमेंटमध्ये गाड्यांसाठी बाण आहेत, स्पीडब्रेकर आहेत, पिलरला काळे-पिवळे पट्टे आहेत, पण माणसाने कुठून चालायचं याची एक रेघ नाही. त्यामुळे सगळे जण गाड्यांच्या रस्त्यातूनच चालतात, ट्रॉली ढकलत, मुलांचे हात धरून, आणि समोरून जागा शोधणारा ड्रायव्हर मान वाकडी करून डावीकडे-उजवीकडे बघत येत असतो, त्याचं समोर लक्षच नसतं. वळणावर पिलरच्या मागून गाडी कधी येईल सांगता येत नाही. रॅम्पच्या तोंडाशी तो गोल आरसा लावलाय पण त्यावर इतकी धूळ आहे की त्यात फक्त हेडलाइटचे डाग दिसतात.

आणि लहान मुलं. फूड कोर्टातून येणारी मुलं खेळण्यातलं काहीतरी हातात घेऊन गाडी दिसली की पळत सुटतात. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागे तीन-चार वर्षांचं मूल उभं असेल तर काचेतून दिसतच नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर कंपल्सरी झाले ते चांगलंच झालं, पण बेसमेंटमध्ये पिलर, भिंत, शेजारची गाडी, सगळ्यालाच सेन्सर वाजतो, सारखा वाजतो म्हणून लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, आणि त्याआधीच्या कितीतरी गाड्यांना तो नाहीच. मी हात जोडून सांगते, मुलाला गाडीत बसवून बेल्ट लावेपर्यंत त्याचा हात सोडू नका, सामान नंतर डिकीत टाका. सामान कुठे पळून जात नाही.

आईचे गुडघे दुखतात, ती वॉकर घेऊन चालते. दिव्यांगांच्या पार्किंगसाठी केंद्राच्या गाइडलाइन्स आहेत, 3.6 बाय 5 मीटरची जागा, मुख्य दारापासून 30 मीटरच्या आत. 3.6 मीटर अशासाठी की व्हीलचेअर गाडीच्या बाजूला लावून माणसाला उतरता यावं. इथे ती निळी खूण जमिनीवर रंगवलीय, लिफ्टच्या जवळच आहे, म्हणजे करताना विचार केला होता कोणीतरी. पण त्या जागेवर फरशी पुसायचं मशीन आणि प्लास्टिकचे कोन ठेवलेले असतात. सांगितलं की गार्ड बाजूला करून देतात, तक्रार न करता देतात, माणसं चांगली आहेत. पण सांगायला आधी गाडीतून उतरावं लागतं आणि मागे लाइन लागलेली असते. लिफ्टच्या दाराशी पुन्हा एक पायरी आहे! रॅम्प पलीकडच्या बाजूला, गाड्या वळतात तिथून फिरून. ज्याला पायरी चढता येत नाही त्यालाच सगळ्यात धोक्याच्या जागेतून पाठवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

बी2 मध्ये हवा कोंडलेली असते. मोठे पंखे आहेत पण गर्दीच्या वेळीसुद्धा ते बंद बघितलेत मी, आणि पिक्चर सुटला की एकदम सगळ्या गाड्या चालू होऊन रॅम्पवर अडकतात. गाड्यांच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, त्यामुळे डोकं जड झालं तरी लोकांना वाटतं दमलोय. बरेच जण बाकीचे खरेदी करून येईपर्यंत खाली एसी लावून इंजिन चालू ठेवून बसतात, बरोबर लहान मूल झोपलेलं. प्लीज असं नका करू. वर येऊन बाकावर बसा.

वरच्या स्लॅबमधून पाणी गळतं ती जागाही टाळा. काँक्रीटमधून झिरपून आलेलं पाणी असतं, त्यात चुना असतो, बॉनेटवर वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते साध्या धुण्याने जात नाहीत.

निघताना वेगळाच त्रास. पैसे घेणारं बूथ रॅम्पच्या खाली, तिथे मोबाइलला रेंज नाही, यूपीआयचं चक्र नुसतं फिरत राहतं, कॅश कोणाकडे नसते, आणि चढावर मागे-पुढे गाड्या. नवीन ड्रायव्हर असेल तर हाफ क्लचवर त्याची गाडी मागे सरकते आणि मागच्याने नाक अगदी चिकटवलेलं असतं. बूथ वर उजेडात, सपाट जागेवर ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? वरच्या मजल्यावर लिफ्टजवळ पेमेंटचं मशीन आहे, ते कोणाला माहीत नाही कारण त्याचा बोर्ड नाही. तिथे आधीच पैसे भरा.

पैशांबद्दल सगळेच बोलतात. गुजरात हायकोर्टाने जुलै 2019 मध्ये सांगितलं की मॉल आणि मल्टिप्लेक्सनी पार्किंगचे पैसे घ्यायचे नाहीत, तेलंगणाने 2018 मध्ये पहिला अर्धा तास फुकट आणि पुढे खरेदीचं बिल दाखवलं तर सूट असा नियम केला. आपल्याकडे घेतात, आणि खरं सांगायचं तर मी द्यायला तयार आहे, पण मग त्या पैशात एक पिवळा पट्टा चालायला, पुसलेले आरसे आणि चालू पंखे एवढं तरी मिळायला हवं. चिठ्ठीवर 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क' छापलं की सगळी जबाबदारी संपली असं यांना वाटतं. व्हॅलेला, म्हणजे आपली गाडी नेऊन लावणाऱ्या मॉलच्या माणसाला, किल्ली देत असाल तर हे लक्षात ठेवा: सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या केसमध्ये, 1998 साली व्हॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती त्यात, स्पष्ट सांगितलंय की असं वाक्य छापून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत. तो निकाल किल्ली त्यांच्या ताब्यात दिली होती म्हणून आहे, स्वतः गाडी लावून किल्ली खिशात ठेवली तर प्रकरण वेगळं. तरी व्हॅलेची पावती जपून ठेवा आणि देण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा.

टू-व्हीलरवाल्यांची एंट्री मागून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, आणि तिथला उतार पावसाळ्यात ओला होऊन गुळगुळीत होतो. ॲक्टिव्हा हळू उतरवा, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

मॉलला 4 स्टार, पार्किंगला 2, आणि ते दोन्ही गार्ड लोकांचे, कारण दिवसभर त्या धुरात उभं राहून ते माणसांना रस्ता काढून देतात. मॅनेजमेंटला ईमेल केलाय, पायरीचा फोटो जोडून, उत्तर आलं की इथेच अपडेट टाकीन. तोपर्यंत ज्यांच्याबरोबर म्हातारं माणूस किंवा बाळ आहे त्यांनी आधी वर मेन गेटच्या ड्रॉप-ऑफला त्यांना उतरवा, गार्ड पाच मिनिटं थांबू देतात, आणि मग एकट्याने खाली जा. जमलं तर वीकडेला सकाळी जा, तेव्हा बी1 ला लिफ्टच्या समोरची रांग रिकामी असते.